कोठा, जीवाणू आणि वनस्पतींचे नॅनोकण : एक आढावा

काही दुखणी अशी असतात की त्यांची वाच्यता करण्यास माणूस संकोचतो, आणि ज्याची वाच्यता होत नाही त्याचा शास्त्रीय विचारही उशिराच सुरू होतो. बद्धकोष्ठ हे अशा दुखण्यांपैकी एक होय. आपल्या घरांतून मात्र वडीलधाऱ्या माणसांनी हा संकोच कधी फारसा पाळला नाही. सकाळी उठल्याबरोबर नातवाला ‘पोट साफ झालं का रे?’ असे विचारणारी आजी, महिन्याकाठी एरंडेलाचा चमचा घेऊन मागे लागणारी आई, आणि रात्री निजण्यापूर्वी कोमट पाण्यात त्रिफळा चूर्ण ढवळणारे आजोबा ही चित्रे ज्यांच्या स्मरणात आहेत, त्यांना मृदू कोठा आणि क्रूर कोठा हा आयुर्वेदातील भेद पुस्तक न उघडताच ठाऊक असतो. एकच औषध एकाला मानवते व दुसऱ्याला मानवत नाही, या जुन्या अनुभवाचा खुलासा मात्र दीर्घकाळ कोणापाशी नव्हता. गेल्या काही दशकांत त्या खुलाशाचा एक मोठा अंश आतड्यांतील जीवाणूंच्या कारभारात सापडू लागला असून, वनस्पतींपासून मिळणारे अतिसूक्ष्म कण त्या कारभारात हात घालू शकतील काय, हा प्रश्न आज संशोधकांपुढे आहे. त्या प्रश्नाची आजवरची हकीकत सांगावी आणि त्यातील सिद्ध काय व साध्य काय याचा निवाडा करावा, हा या लेखाचा हेतू आहे.

दुखण्याचे स्वरूप

प्रथम बद्धकोष्ठ कशाला म्हणावे हे ठरवले पाहिजे. कारण रोज एकदा शौचास न झाल्यास आपण आजारी आहोत असे मानणारी माणसे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांना औषधाची मुळीच गरज नसते. पोटाच्या क्रियाविकारांसाठी सर्वत्र मान्यता पावलेले ‘रोम निकष’ २०१६ साली चौथ्या आवृत्तीत प्रसिद्ध झाले. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा आपोआप शौचास होणे, चारांतून एकापेक्षा अधिक वेळा कुंथावे लागणे, मळ कठीण असणे, पोट पुरते मोकळे झाले नाही असे वाटत राहणे, अशी लक्षणे त्यांत दिली आहेत. त्यांपैकी किमान दोन लक्षणे गेले तीन महिने असावीत आणि तक्रारीचा आरंभ सहा महिन्यांमागे झालेला असावा, अशी मुदतही घातली आहे. मळाच्या स्वरूपावरून तो आतड्यात किती वेळ रेंगाळला याचा अंदाज बांधण्यासाठी ब्रिस्टल येथील डॉक्टरांनी १९९७ साली सात प्रकारांचे एक मानचित्र प्रसिद्ध केले. शेळीच्या लेंड्यांसारखा सुटा व कठीण मळ हा त्यातील पहिला प्रकार, तर केवळ पाण्यासारखा हा सातवा. या निकषांनी मोजू गेल्यास जगातील प्रौढ माणसांपैकी दर शंभरांत दहा ते पंधरा जणांना हा विकार असतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत व तरुणांपेक्षा वृद्धांत त्याचे प्रमाण अधिक आढळते.

या एका नावाखाली निरनिराळे विकार नांदतात, हेही ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कोणाच्या मोठ्या आतड्याची गतीच मंद असते. कोणाची गती ठीक असून मळ कोरडा असतो. आणि कोणाच्या बाबतीत मळ गुदद्वारापर्यंत वेळेवर पोहोचूनही तेथील स्नायू सैल पडण्याऐवजी आवळले जातात. या तिसऱ्या प्रकारात स्नायूंना नव्याने वळण लावण्याचा सराव हाच उपाय असतो, आणि तेथे कोणत्याही चूर्णाचा किंवा कणाचा फारसा उपयोग होण्याजोगा नाही. लोहाच्या गोळ्या, अफूच्या जातीची वेदनाशामके, थायरॉइडची मंदता आणि मधुमेह यांमुळे उद्भवणारे बद्धकोष्ठ तर आणखी निराळे. म्हणून ‘बद्धकोष्ठावर रामबाण’ अशी ज्याची ख्याती सांगितली जाते, त्या प्रत्येक उपायाला ‘कोणत्या बद्धकोष्ठावर?’ हा प्रश्न आधी विचारावा.

आतड्यातील कारभारी

मोठ्या आतड्यात रोज सुमारे दीड लिटर पातळ ऐवज येऊन पडतो आणि त्यातील बहुतेक सर्व पाणी तेथे शोषले जाऊन शंभर-दोनशे मिलिलिटर तेवढे उरते. हे शोषण किती व्हावे आणि उरलेला ऐवज किती वेगाने पुढे सरकावा, यावर सकाळचे सुख अवलंबून असते. तेथेच जीवाणूंची वसती सर्वांत दाट आहे. २०१६ साली इस्राएल व कॅनडा येथील शास्त्रज्ञांनी केलेल्या फेरगणनेनुसार मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात आणि त्यांचे एकूण वजन जेमतेम दोनशे ग्रॅम भरते. आपण न पचवलेला कोंडा, फळांची साल, डाळींचे टरफल यांवर ही वसती जगते आणि त्याच्या मोबदल्यात अॅसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार करते. त्यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य अन्न होय.

मळाच्या गतीशी या जीवाणूंचा संबंध निदान तीन वाटांनी लागतो. पहिली वाट सेरोटोनिनची. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नव्हे, तर आतड्याच्या अस्तरात तयार होते आणि आतड्याच्या आकुंचन-प्रसरणास तेच चालना देते. बीजाणू धरणाऱ्या काही जीवाणूंच्या सान्निध्यात त्याची निर्मिती वाढते, असे २०१५ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी उंदरांत दाखवून दिले. दुसरी वाट पित्ताची. यकृतातून आलेल्या पित्ताम्लांचे जीवाणू रूपांतर करतात आणि ही रूपांतरित अम्ले आतड्यात पाणी सोडण्यास व त्याची हालचाल वाढवण्यास कारण होतात. तिसरी वाट मिथेन वायूची, आणि ती उलट दिशेची आहे. जीवाणूंहून निराळ्या अशा आर्किया वर्गातील मिथेनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथाय हा सूक्ष्मजीव हायड्रोजनापासून मिथेन बनवतो, आणि मिथेन आतड्याची गती मंदावतो.

या ज्ञानाला एक जुना इशाराही जोडलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील इल्या मेचनिकॉफ या थोर शास्त्रज्ञाने मोठ्या आतड्यातील कुजणारे जीवाणू शरीरात विष पसरवतात आणि वार्धक्य ओढवून आणतात, असा सिद्धान्त मांडून आंबवलेल्या दुधाचा पुरस्कार केला. लंडनमधील शल्यविशारद आर्बथनॉट लेन याने तर याच विचाराच्या ओघात बद्धकोष्ठाने पिडलेल्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढली. विष पसरण्याची ती कल्पना पुढे टिकली नाही. परंतु ज्यांच्या पोटावर सुरी चालली त्यांना त्याची भरपाई मिळाली नाही. जीवाणूंविषयीच्या अर्ध्या ज्ञानावर पूर्ण उपचार उभारण्याची घाई किती महाग पडते, याचा हा दाखला आजही विसरता कामा नये.

सोनामुखीची साक्ष

वनस्पती जीवाणूंच्या द्वारे रेचन घडवते, ही कल्पना नवी वाटली तरी तिचा सर्वांत पक्का पुरावा आपल्या फडताळातच पडून होता. तमिळनाडूतील तिरुनेलवेलीच्या बाजूस पिकणारी आणि आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात पुडीने मिळणारी सोनामुखी पाहा. तिच्या पानांतील सेनोसाइड ही द्रव्ये १९४१ साली बाझल येथे आर्थर स्टोल याने शुद्ध स्वरूपात वेगळी केली. ही द्रव्ये स्वतः रेचक नाहीत. रात्री घेतलेला काढा जठरातून व लहान आतड्यातून जसाच्या तसा पुढे जातो. मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जीवाणू त्यातील शर्करेचा अंश तोडून टाकतात, आणि मग जे रेइन-अँथ्रोन निर्माण होते ते आतड्याला जागे करते. रात्री घेतलेल्या सोनामुखीचा गुण सकाळी का येतो, याचे उत्तर या सात-आठ तासांच्या प्रवासात आहे. आणि अँटिबायोटिकांनी जीवाणूंचे बळ घटवले असता सोनामुखीचा गुण का घटतो, याचेही उत्तर तेच. उलट एरंडेल जीवाणूंची वाट पाहत नाही. लहान आतड्यातील पाचकरसच त्यातून रिसिनोलेइक अम्ल मोकळे करतात आणि ते अम्ल थेट आतड्याच्या स्नायूंवर अंमल गाजवते.

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी बांधव जो हिरडा गोळा करतात, त्यातील टॅनिनांचेही असेच आहे. त्यांचे युरोलिथिन नामक द्रव्यात रूपांतर करणारे जीवाणू सर्वांच्या पोटात नसतात. ज्यांच्या पोटात ते आहेत त्यांनाच ते द्रव्य लाभते. एक औषध एकाला मानवते व दुसऱ्याला का मानवत नाही, या जुन्या प्रश्नाला येथे प्रथमच हाताशी धरता येईल असे उत्तर मिळते.

नॅनोकण म्हणजे काय?

मिलिमीटरचा दहालाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. वनस्पतींच्या संदर्भात नॅनोकण हा शब्द दोन अगदी भिन्न वस्तूंना लावला जातो आणि त्यांची गल्लत करणे धोक्याचे आहे. पहिली वस्तू म्हणजे वनस्पतीच्या अर्काने घडवलेले धातूचे कण. या शाखेच्या पायाभरणीत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे. तेथे मुरली शास्त्री आणि त्यांचे सहकारी यांनी २००३-०४ च्या सुमारास जिरेनियम व कडुनिंब यांच्या पानांच्या अर्काने चांदीचे, तर गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण तयार करून दाखवले. रसायनशास्त्र म्हणून ते काम गौरवास्पद आहे. पण चांदीचा कण जीवाणूंचा संहारक होय, आणि जेथे जीवाणूंना नांदवायचे आहे तेथे संहारकाला पाठवणे युक्त नव्हे.

दुसरी वस्तू म्हणजे वनस्पतीच्या पेशीतच तयार होणाऱ्या पुटिका, आणि या लेखाचा विषय त्याच आहेत. मेदाच्या दुहेरी पापुद्र्याने वेढलेल्या आणि सामान्यतः तीस ते काहीशे नॅनोमीटर व्यासाच्या या पुटिकांत प्रथिने, वनस्पतीची विशिष्ट द्रव्ये आणि सूक्ष्म आरएनएचे तुकडे असतात. जीवाणूची लांबी हजार-दोन हजार नॅनोमीटर धरली, तर त्याच्या तुलनेत ही पुटिका पोत्याशेजारी ठेवलेल्या सुपारीएवढी. गाजराच्या पेशींत अशा पुटिकांचे पुंजके हॅल्पेरिन व जेन्सन यांनी १९६७ सालीच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते; त्यांचे प्रयोजन मात्र फार उशिरा उमगले. २०१८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील हाइलिंग जिन यांच्या प्रयोगशाळेने असे दाखवले की, बुरशीचा हल्ला झाला असता वनस्पती आपले सूक्ष्म आरएनए अशा पुटिकांत घालून बुरशीच्या पेशीत रवाना करते आणि तिची रोग पसरवणारी जनुके निष्प्रभ करते. म्हणजे सूक्ष्मजीवांना निरोप धाडणे हा वनस्पतीचा मूळचाच व्यवहार आहे. तो निरोप माणसाच्या आतड्यातील जीवाणूही वाचतात काय, एवढाच प्रश्न उरला.

आल्याच्या रसातून

या प्रश्नाचे सर्वांत परिपूर्ण उत्तर आजवर आल्याने दिले आहे. प्रयोगशाळेतील कृती स्वयंपाकघराला फार दूरची नाही. ताजे आले धुऊन, सोलून, मिक्सरमधून काढतात व रस गाळून घेतात. तो सेंट्रिफ्यूज यंत्रात आधी मंद फिरवला की तंतू व चोथा तळाशी बसतो. वेग वाढवला की पेशींचे मोठे तुकडे खाली जातात. आणि अखेरीस गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने फिरवला म्हणजे नळीच्या बुडाशी पुटिकांचा लहानसा थर जमतो. तो थर साखरेच्या ८, ३०, ४५ व ६० टक्के द्रावणांच्या एकावर एक रचलेल्या स्तरांवर ठेवून पुन्हा फिरवल्यास निरनिराळ्या घनतेच्या पुटिका आपापल्या स्तराच्या सीमेवर फिकट पट्ट्यांच्या रूपाने थांबतात. त्या पट्ट्यांतून हवा तो पट्टा अलगद काढून घ्यायचा. पुष्कळ आले आणि कित्येक तासांचे श्रम खर्ची पडावेत तेव्हा हे थोडेसे द्रव्य हाती येते.

अमेरिकेतील लुइव्हिल विद्यापीठातील हुआंग-गे झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली द्राक्षांच्या पुटिका उंदराच्या आतड्यातील मूळपेशींना चालना देतात असे दाखवले; जॉर्जिया राज्य विद्यापीठात डिडिये मर्लँ यांच्या गटाने २०१६ साली आल्याच्या पुटिकांनी उंदरांचा आतड्याचा दाह शमवला; आणि २०१८ साली लुइव्हिलच्याच गटाने निर्णायक पाऊल टाकले. आल्याच्या पुटिका लॅक्टोबॅसिलस कुळातील जीवाणू विशेष आवडीने आत घेतात, आणि ही आवड पुटिकेच्या पापुद्र्यातील फॉस्फॅटिडिक अम्ल या मेदावर अवलंबून असते, असे त्यांना दिसले. तर फॉस्फॅटिडिलकोलिन ज्यांत अधिक, अशा पुटिका आतड्यात न थांबता यकृताकडे जातात. आत शिरलेला आल्याचा एक सूक्ष्म आरएनए त्या जीवाणूच्या एका जनुकाला आवर घालतो. त्यामुळे जीवाणू इंडोल वर्गातील एक द्रव्य अधिक तयार करतो. ते द्रव्य आतड्यातील प्रतिकारपेशींना इंटरल्यूकिन-२२ हे संरक्षक प्रथिन स्रवण्याचा हुकूम देते. आणि अस्तर बळकट होऊन उंदराचा दाह उतरतो. वनस्पतीपासून जीवाणूपर्यंत आणि जीवाणूपासून आतड्यापर्यंत एकेक दुवा या साखळीत हुडकला गेला, हे या कामाचे खरे मोल. पाठोपाठ लिंबाच्या पुटिकांनी उपकारक जीवाणूंना पित्ताच्या माऱ्यात तग धरण्यास साह्य केल्याचे २०२० साली नोंदले गेले.

बद्धकोष्ठापुरता हिशेब

वरील सर्व पुरावा मुख्यतः दाहाच्या विकारांचा आहे. बद्धकोष्ठाकडे हे संशोधन अलीकडे वळले असून त्यामागील तर्क सयुक्तिक आहे : पुटिका जर ब्युटिरेट देणाऱ्या जीवाणूंचे बळ वाढवतील, श्लेष्माचा थर दाट करतील आणि त्यायोगे सेरोटोनिन व आतड्यातील पाणी यांना अनुकूल वळण देतील, तर मंद कोठा सुटावयास हवा. या तर्काची परीक्षा मात्र बहुतांशी उंदरांवर आणि एका ठरीव साच्याने होते. उंदराला लोपरामाइड हे जुलाब थांबवणारे औषध काही दिवस पाजून त्याचा कोठा बांधतात. मग पुटिका देतात. नंतर कोळशाची पूड चारून पहिली काळी लेंडी किती मिनिटांनी पडते ते घड्याळ लावून पाहतात आणि लेंड्या ओल्या व वाळवून तोलून त्यांतील पाण्याचा हिशेब करतात.

या साच्याच्या मर्यादा उघड आहेत. लोपरामाइडने आलेले बद्धकोष्ठ आतड्यातील अफू-ग्राहकांमुळे येते आणि औषध थांबताच ओसरते; वीस वर्षे कुंथणाऱ्या वृद्धेचे दुखणे त्याहून सर्वस्वी निराळे. उंदीर स्वतःच्या लेंड्या खातो, त्यामुळे एका पिंजऱ्यातील जीवाणू सर्वांच्या पोटांत फिरतात आणि गुण औषधाचा की शेजाऱ्याचा हे ठरवणे अवघड होते. शिवाय मळ आतड्यात रेंगाळला की त्यातील जीवाणूंची ठेवण आपोआप पालटते. म्हणून कोठा सुटल्यावर दिसणारा जीवाणूंतील फरक हा गुणाचे कारण आहे की परिणाम, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. त्यासाठी सुधारलेल्या उंदराचे जीवाणू दुसऱ्या, औषध न घेतलेल्या उंदरात घालून तोही सुधारतो काय, हे पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

खुद्द पुटिकांविषयीही शंका आहेत. मिक्सरमध्ये पेशी चिरडल्यावर तुटलेले पापुद्रे आपोआप गोल मिटून पुटिकांसारखे दिसू लागतात. म्हणून रसातून काढलेला प्रत्येक कण वनस्पतीने हेतुपूर्वक सोडलेली पुटिका आहे असे म्हणता येत नाही. वनस्पतीचा आरएनए अन्नातून प्राण्याच्या शरीरात काम करतो काय, हा वाद तर २०१२ साली नानजिंग विद्यापीठाने तांदळाच्या सूक्ष्म आरएनएविषयी केलेल्या दाव्यापासून चालू आहे. पुढच्याच वर्षी इतरांच्या प्रयोगांत तो दावा टिकला नाही. जीवाणूंवरील परिणामाला हा आक्षेप तितकासा लागू पडत नाही, कारण तेथे आरएनएला रक्तात शिरण्याची गरजच नसते. तथापि दाव्याची छाननी तितक्याच कसोशीने झाली पाहिजे. साताऱ्याचे आले आणि केरळचे आले, पावसाळ्यानंतरचे आणि उन्हाळ्यातले, यांतील पुटिका सारख्या नसणार. तेव्हा औषध म्हणून त्यांची मात्रा ठरवावयाची तर आधी प्रमाणीकरणाची तजवीज हवी.

निवाडा

माझे मत असे की, ही दिशा खरी आहे, परंतु मुक्काम अजून लांब आहे. वनस्पती जीवाणूंच्या हातून आतड्यावर काम करते, हे सोनामुखीने निर्विवाद सिद्ध केले आहे. वनस्पतीची पुटिका जीवाणूच्या आत शिरून त्याचे वर्तन पालटते, हे आल्याने उंदरात सिद्ध केले आहे. अशा पुटिकेने माणसाचे जुने बद्धकोष्ठ सुटते, हे अजून सिद्ध व्हावयाचे आहे. ते सिद्ध करावयाचे तर पुरेशा रुग्णांवर, पुटिका व नुसते पाणी यांची आंधळी तुलना करून, निदान तीन महिने प्रयोग चालावा, आणि त्यात जीवाणूंच्या नकाशाला नव्हे, तर रुग्णाला आठवड्यातून किती वेळा सुखाने शौचास झाले या साध्या गोष्टीला निकालाचा मान मिळावा. मेचनिकॉफच्या काळात जी घाई झाली तिची पुनरावृत्ती टाळावयाची असेल, तर या पायरीआधी कोणीही पुटिकांच्या कुप्या बाजारात आणू नयेत आणि आणल्यास आपण त्या विकत घेऊ नयेत.

तोवर वाचकाने करण्याजोगे पुष्कळ आहे. डेनिस बर्किट याने १९७२ साली युगांडातील ग्रामीण माणसांच्या व इंग्लंडमधील माणसांच्या मळाचे वजन आणि प्रवासकाल यांची तुलना प्रसिद्ध करून अन्नातील चोथ्याचे महत्त्व जगाला पटवले. न चाळलेल्या पिठाची भाकरी, सालीसकट डाळी, पालेभाज्या, रात्री भिजवलेल्या मनुका आणि भरपूर पाण्यासह इसबगोल हे तेच महत्त्व आपल्या ताटात उतरवतात. सोनामुखी रोजची सवय म्हणून घेऊ नये. आणि शौचातून रक्त पडणे, कारणावाचून वजन घटणे, किंवा पन्नाशीनंतर कोठ्याची सवय एकाएकी पालटणे, यांपैकी काहीही दिसले तर संकोच, चूर्ण आणि काढा हे तिन्ही बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.